चार स्क्रू आणि तिसरा अंक

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन घरी आला की एखाद-दोन स्क्रू हमखास उरतात. मशीन चालते, झाकण बसते, पण टेबलावर स्क्रू पडलेला असतो आणि तो कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अशा स्क्रूंनी माझा एक बिस्किटांचा डबा भरला आहे. किस्स्यांचंही तसंच. दुरुस्ती कधीच संपली, हे उरले. मित्र घरी आले की म्हणतात, "सुधाकरभाऊ, हलवा जरा डबा." मी हलवतो, ते हसतात. मला मात्र आताशा राग येतो. त्यातला एक वाटा माझ्यावरचाही आहे, तो ओघात येईलच.

आधी ठिकाण सांगतो. गडचिरोलीकडच्या वडशाला रेल्वे फाटकाजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. सन दोन हजारच्या पुढची ती वर्षं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्टूल. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करायची आणि पोळा झाला की नाटकं.

दिवाळी आटोपली, धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई तिथं नाटक. ती नाटकं बुक करायला दूरदूरचे लोक वडशाला येतात, कारण सगळ्या नाटक मंडळ्यांची ऑफिसं वडशालाच. त्या धंद्यात लिहून न ठेवलेला एक कायदा होता. नवीन नाटक ज्याचं आधी रंगमंचावर आलं, त्याचं ते. मागून आला तो चोर, मग भले त्यानं ते स्वतःच्या रक्तानं लिहिलेलं असो. म्हणून मंडळीवाले नव्या नाटकाची वही लेकीच्या लग्नाच्या दागिन्यासारखी लपवत, आणि ती टाईप करायला बिनघोर माझ्याकडे देत. सुधाकरच्या पोटातून गोष्ट बाहेर येत नाही, असं माझं नाव होतं.

पोटातून आली नाहीच. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून आली.

०

रेवताबाईंपासून सुरू करतो, कारण जे काही पणाला लागलं ते त्यांचं.

रेवताबाई वीस वर्षं नायिका होत्या, मग पाच वर्षं आई, मग गुडघे गेले. मग त्या नाटकं लिहायला लागल्या. लिहायला म्हणजे बोलायला. माझ्यासमोर स्टुलावर बसायच्या आणि सगळ्या पात्रांचं स्वतःच बोलायच्या. सासूचा आवाज लावला की दुकानासमोरचं कुत्रं उठून जाई. मी ऐकत ऐकत टाईप करायचा.

त्या वर्षीचं नाटक होतं 'सून आली कोर्टातून'. घरच्यांनी वेडी ठरवून हाकललेली सून एकटी कोर्टात उभी राहते, अशी कथा. दोन अंक झाले त्या दिवशी त्या थांबल्या, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सुधाकर, हे बनवलेलं नाई. माह्यावरच झालं. पंचवीस वर्षांत कोणाले सांगतलं नाई."

मी म्हटलं, "चहा सांगू का बाई?"

"चहा ठेव. हे नाटक माह्या नावानं उभं राह्यलं पाह्यजे. बाकी कशाचा नाद नाई मले आता."

तिसरा अंक अजून त्यांच्या डोक्यात होता. सुनेचं कोर्टात काय होतं, हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

०

आता मुखरूभाऊ. हा प्रॉम्प्टर.

आमच्याकडचा नट एका हंगामात पाच-पाच नाटकांत काम करतो. आज या गावात, उद्या त्या गावात. पाठ करायला वेळ कोणाला? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो वही पाहून पुढचं वाक्य बोलतो, नट ते झेलतो आणि हातवाऱ्यांसकट लोकांकडे फेकतो. लोकांना पत्ताही लागत नाही. मुखरूभाऊ म्हणजे या कामातला देव. अख्खं नाटक न अडखळता वाचायचा. फक्त वाचायचा.

एकदा एका मंडळीची हातानं लिहिलेली वही माझ्याकडे आली. शेवटाकडचं पान अर्धं कुरतडलेलं. मी टाईप करताना तिथं ओळ टाकून ठेवली, मग विचारू म्हटलं. विसरलो. वही तशीच गेली.

प्रयोगात नायक आईच्या मांडीवर मरायला टेकला. ऑर्गन रडायला लागला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. नायकानं शेवटचा श्वास घेतला आणि म्हणाला, "आई... इथलं अर्धं पान उंदरानं खाल्लं आहे. लेखकाला विचारून घेणे." आणि मेला.

लोक ढसढसा रडले. मालक मात्र विंगेत मुखरूभाऊच्या अंगावर धावला. मुखरूभाऊनं शांतपणे पान उलटलं आणि म्हणाला, "माह्यं काम वाचाचं जी. समजाचं काम तुमचं."

पुढच्या हंगामात त्याला बंडूभाऊनं आपल्या मंडळीत घेतलं. बंडूभाऊ म्हणजे त्या मंडळीचा मालक आणि खलनायकही. वीस वर्षं लोकांच्या शिव्या आणि टाळ्या खाऊन गब्बर झालेला.

०

आणि हा गजानन.

आमच्या भागात कॉम्प्युटर बिघडला की वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीला न्यायचा. काळीपिवळी जीपमध्ये बारा माणसं, दोन बकऱ्या आणि मांडीवर कॅबिनेट. तिथं गजानन बसायचा. पन्नास किलोमीटरमध्ये कॉम्प्युटरचा हा एकच डॉक्टर. हात चांगला होता, खोटं कशाला बोलू? वाईट होती ती नजर.

कॅबिनेट उघडलं की बिघाड राहिला बाजूला, आधी हा हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडायचा आणि आतलं सगळं उतरवून घ्यायचा. पत्रं, फोटो, अर्ज, सगळं. "बॅकअप जी," म्हणायचा. "उडून-बिडून गेलं त मलेच शिव्या देसान." गिऱ्हाईक उलट हात जोडायचं. किती काळजी करतो बिचारा!

मग गिऱ्हाईक गेलं की मॉनिटर बाकाकडे वळायचा. त्या बाकावर आम्ही चार-पाच टवाळ चहा पीत बसलेले. बाजारात मासे कसे आले विचारावं तसं एकजण विचारायचा, "काय निंगलं गा आज?" आणि जे निघेल ते आम्ही वाचायचो.

आम्ही. मीही, कागद-शाई आणायला ब्रह्मपुरीला गेलो की. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको.

एकदा घुग्घुसकडच्या कारखान्यातला एक टाईमकीपर आपलं मशीन ठेवून गेला. घर ब्रह्मपुरीचं, नोकरी तिकडं. त्यात नागपूरच्या डॉक्टरला लिहिलेलं दोन पानी पत्र सापडलं. मूळव्याध. टाईमकीपरच तो, वेळांसकट लिहिलेलं. 'सकाळी सहा चाळीस, पहिली कळ. सहा बावन्न, दुसरी.' आम्ही बाकावरून खाली पडायचे राहिलो.

संध्याकाळी तो मशीन न्यायला आला. गजानन अदबीनं उठला, स्टुलावर उशी ठेवली आणि म्हणाला, "बसा जी."

सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

त्या माणसानं उशीकडे पाहिलं, गजाननच्या मॉनिटरकडे पाहिलं. बसला नाही. आधी आपला मॉनिटर उचलून बाहेर ठेवला, मग परत येऊन कॅबिनेट उचललं, आणि गेला. महिन्याभरानं ऐकलं, कारखान्यात त्याच्या खुर्चीवरही कोणीतरी उशी ठेवली होती. घुग्घुस ब्रह्मपुरीहून शंभरावर किलोमीटर. उशी तिथवर पोचली.

०

लोक सावध होत नव्हते असं नाही. होत होते, पण आपापल्या अकलेनं.

गडचिरोलीच्या जंगलातून एका ऑफिसातला वनबाबू आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की कॉम्प्युटर असाच उघडा देऊ नये. यानं काय करावं? जप्तीच्या सागवानाला करतात तसं केलं. कॅबिनेट पोत्यात घातलं, सुतळीनं शिवलं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला, आणि वर कागद, 'मोहोर तोडल्यास कारवाई'.

गजानन म्हणाला, "साहेब, पोतं उघडल्याशिवाय दुरुस्त कसा करू?"

"पंचासमोर उघडा," वनबाबू म्हणाला. "दोन पंच पाह्यजे. नियम हाये."

पंच कुठून आणायचे? रस्त्यावरून दोघांना धरून आणलं. एक न्हावी आणि एक पानठेलेवाला. अख्ख्या ब्रह्मपुरीची खबर ज्या दोन दुकानांतून फिरते, नेमके त्यांचे मालक. दोघं खुर्च्या टाकून मॉनिटरसमोर बसले. पंचनाम्यात 'समक्ष पाहिले' असं लिहायचं, तर पाहायला नको? वनबाबूनं स्वतः एकेक फाईल उघडून दाखवली. साहेबाच्या तक्रारी, कोणाची बदली कोणी मागितली, सगळं. दोघांनी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दाढी करता करता न्हावी मला म्हणाला, "भाऊ, मी कोणाले सांगत नाई. पंच हावो मी." आणि सुरू झाला.

०

हा पुढचा डब्यातला गंजलेला स्क्रू आहे. हात लावला की लागतो.

एका कॉलेजात एक मॅडम तासिकेवर शिकवायच्या. पक्की नोकरी नाही, दरवर्षी नव्यानं तास मिळायचे. एक दिवस प्राचार्य सगळ्यांदेखत काहीतरी लागेलसं बोलले. मॅडमनी घरी जाऊन रागारागात राजीनामा टाईप केला. चांगला जहाल. टाईप करून झाल्यावर राग उतरला, तसा तो तिथंच ठेवून दिला. आपण नाही का रागात पत्र लिहून उशीखाली ठेवत? दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं वर्गावर गेल्या.

पुढं त्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा बिघडला. पंखा. त्याला हार्ड डिस्कची काही गरज? गजाननच्या 'बॅकअप'मध्ये राजीनामा निघाला. बाकावर मोठ्यानं वाचला गेला. त्या दिवशी बाकावर प्राचार्यांच्या ओळखीचा एकजण होता.

जूनमध्ये मॅडम तास मागायला गेल्या तर प्राचार्य हसून म्हणाले, "तुम्हाला तर जायचंच आहे ना? आम्ही ऐकलं."

"मी कुठं राजीनामा दिला, सर?"

"भाषा छान आहे तुमची," प्राचार्य म्हणाले.

हे मला मॅडमनी स्वतः सांगितलं. माझ्या दुकानात, दुसरीकडे अर्ज करायला आल्या होत्या तेव्हा. मी मान खाली घालून तो अर्ज टाईप केला. राजीनामा वाचला गेला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

०

तर इतकं सगळं मला माहीत होतं. आणि तरी ऐका मी काय केलं.

रेवताबाईंचे दोन अंक टाईप झाले आणि दोनच दिवसांत माझ्या मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. व्होल्टेजचं आमच्याकडे तसंच. मी कॅबिनेट उचललं आणि जीपमध्ये बसलो.

पॉवर सप्लाय म्हणजे नुसती एक पत्र्याची पेटी. ती बदलायला हार्ड डिस्क लागत नाही. घरी झाकण उघडायचं, चार स्क्रू काढायचे, दोन वायरी ओढायच्या, डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि उरलेलं धूड खुशाल ब्रह्मपुरीला न्यायचं. गजाननला काढताना मी शंभर वेळा पाहिलं होतं. पाच मिनिटांचं काम. चार स्क्रूंचं.

मी काढले नाहीत. कंटाळा केला. आणि मनात एक गुर्मी होती, सांगून टाकतो. मला वाटलं, बाकावरच्या माणसाचं कोण वाचतं?

गजाननच्या दुकानात मशीन एक दिवस राहिलं. पंधरवड्यानं वडशाच्या भिंतींवर पोस्टर लागलं. बंडूभाऊची मंडळी, नवं कोरं कौटुंबिक नाटक, 'कोर्टातून आली सून'. लेखक, दस्तुरखुद्द बंडूभाऊ.

०

रेवताबाई गुडघे धरत धरत दुकानाची पायरी चढल्या. स्टुलावर बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही. मला वाटलं होतं सासूचा आवाज लावतील. तो लावला असता तर बरं झालं असतं.

"सुधाकर, मी बोलली तवा इथी किती जण होते?"

"दोघं. तुम्ही आणि मी."

"मी त नाई सांगतलं."

मग मी सांगितलं. गजानन, बॅकअप, बाक. टाईमकीपरची उशी, मॅडमचा राजीनामा. सगळं सांगितलं.

"म्हणजे तुले माहीत होतं, तो पाह्यते म्हणून?"

"हो, बाई."

"आन् तू हासत होता?"

"हो."

"मंग माह्यं काऊन नेलं?"

मी म्हटलं, मशीन बंद पडलं होतं. हे उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

मंडळीवाले तोवर कुजबुजायला लागले होते. रेवताबाई म्हणे बंडूभाऊची गोष्ट चोरून नाटक लिहीत आहे. ज्या बाईवर हे सगळं गुदरलं, तीच चोर. रेवताबाईंचं नाटक जी मंडळी करणार होती, तिच्या मालकानं निरोप धाडला, "बाई, पह्यले त्याईचं लागलं त आपलं कोन घेईन?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ब्रह्मपुरीला गेलो. गजाननच्या तोंडावर मी सांगितलं की तू चोर आहेस. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"चोरी कसी, सुधाकरभाऊ? कोठीतलं धान चोरलं त कोठीतलं धान कमी होते. तुमचं काही कमी झालं का? मी त फक्त कॉपी केली."

मी हात उगारणार, तेवढ्यात रेवताबाईंनी मला मागं ओढलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबू, दोनच अंक होते ना रे त्यात? मंग बंडूभाऊनं तिसरा कोनाकडून लिवून घेतला?"

गजानन स्क्रू ड्रायव्हर पुसायला लागला.

"लिवनं कुठी होते बंडूभाऊच्यानं," बाकावरून एकजण बोलून गेला. "अजून अडलाच हाये म्हनत होता."

परतीची जीप वैनगंगेच्या पुलावर आली. रेवताबाई म्हणाल्या, "त्याईचा पह्यला प्रयोग कवा हाये?"

"येत्या शुक्रवारी. मंडईत."

"मशीन अजून एकदा बिघडन का तुह्यी?"

०

मंगळवारी दुपारी रेवताबाईंनी तिसरा अंक सांगितला. एका बैठकीत. सुरुवातीची दहा पानं अशी की टाईप करताना मी दोनदा ओळ चुकलो. पुढं कोर्टाचा प्रवेश आला आणि त्यांचा सूर बदलला. न्यायाधीश बोलायला लागला तशी माझी बोटं हळू झाली. मग एक वाक्य आलं आणि थांबलीच.

"बाई, हे राहू द्या."

"टाईप कर."

"बाई, मी आपला माणूस आहे."

"म्हनूनच. टाईप कर."

केलं.

नाटकाचा खरा तिसरा अंक त्यांनी मला सांगितलाच नाही. "तो डोक्यातच राहू दे," म्हणाल्या. "तिथी गजाननचा स्क्रू ड्रायव्हर लागत नाई."

बुधवारी मी माझ्या चांगल्या चालत्या मशीनचं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी जरा उचलून ठेवली, म्हणजे चालू केलं की नुसतं बोंबलणार. झाकण लावलं. चार स्क्रूंना जाणूनबुजून हात लावला नाही. ब्रह्मपुरीला नेलं.

"अर्जंट हाये का जी?" गजाननचे डोळे लकाकले.

"बाईचा तिसरा अंक आहे त्यात," मी म्हटलं. "सांभाळून कर. मी जेवून येतो."

जेवायला मी दोन तास लावले. आयुष्यात इतकं चावून कधी जेवलो नाही. परत आलो तर मशीन सुरू होतं आणि गजाननचा प्रिंटर गरम होता; पहिली काही पानं वाचून बाकीची त्यानं घाईत नुसती छापली असावीत.

०

शुक्रवारी आम्ही दोघं मंडईला गेलो. कापलेल्या धानाच्या शेतात, बांधीत, मांडव, खाली बसायला तणस, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, आणि दोन्हींच्या मधोमध, वाद घालून, मी आणि रेवताबाई. त्यांचे गुडघे पाहून कोणी उठवलं नाही. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर गजानन. गळ्यात हार घातलेला.

तिसऱ्या अंकाची पानं बंडूभाऊच्या हातात आदल्या संध्याकाळी पडली होती. तो त्या वेळी दुसऱ्या गावात दुसऱ्या नाटकात खलनायक म्हणून जळून मरत होता. दीर धनराजची भूमिका त्याची, आणि ती त्याला तोंडपाठ करायची गरज नव्हती. विंगेत मुखरूभाऊ होता.

दोन अंक झाले. लोकांनी बंडूभाऊला मनसोक्त शिव्या दिल्या. शेजारी बसलेल्या रेवताबाईंचे ओठ हलत होते. सगळ्यांची वाक्यं त्या बिनआवाजात बोलत होत्या, सासूची, सुनेची, दिराची. मी दुसरीकडे पाहिलं.

तिसरा अंक सुरू झाला. दहा पानं अशी रंगली की कोणी खोकलं नाही. मग कोर्ट. न्यायाधीशाच्या भूमिकेत एक रिटायर तलाठी, आवाज घंटेसारखा. विंगेतून मुखरूभाऊचा बारीक आवाज आणि त्याच्या मागोमाग ही घंटा.

"आरोपी धनराज, एका माणसाच्या दुखण्याचं पत्र तुम्ही चारचौघांत वाचून हसलात. कबूल?"

बंडूभाऊनं विंगेकडे कान केला. मान खाली. "कबूल, मायबाप."

"एका बाईनं रागात लिहून ठेवलेला कागद तुमच्यामुळं तिच्या साहेबाला कळला. तिची नोकरी गेली. कबूल?"

"कबूल."

पहिल्या रांगेत गजाननच्या गळ्यातला हार जरासा हलला.

"आणि वडशाचा तो टायपिस्ट, जो तिथं बसून चहा पीत हसत होता, तो कुठं आहे?"

आमच्या आजूबाजूचे वडशाचे लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. मी तणसाची एक काडी उचलून तिच्याकडे पाहत बसलो. रेवताबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे ओठ हलत होते.

न्यायाधीशानं हातोडा आपटला. "आता शेवटचं. हे जे नाटक इथं सुरू आहे, ते कोणाचं आहे?"

विंगेतून मुखरूभाऊनं न अडखळता वाचलं. बंडूभाऊ गुडघ्यावर बसला, दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि हुंदका काढला, कारण वहीत हुंदका लिहिला होता.

"रेवताबाईचं, मायबाप! तिचं नाटक असलेला कॉम्प्युटर ब्रह्मपुरीला दुरुस्तीला आला, तिथून मी ते चोरलं! ही तिची गोष्ट आहे, माझी नाही!"

बोलून झाल्यावर तो तसाच हात वर करून राहिला. आपण काय बोललो, हे त्याच्या कानात तेव्हा शिरलं असावं. रंगाखालून त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लोकांनी इतका खरा पश्चात्ताप जन्मात पाहिला नव्हता.

रेवताबाई माझ्या कानाशी वाकल्या. "हुंदका कच्चा पडला त्याचा," म्हणाल्या.

आणि मागून, अगदी शेवटच्या रांगेतून, कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

मग बायांच्या अंगाकडून, मग पुरुषांच्या. वन्स मोअर, वन्स मोअर. बंडूभाऊ वीस वर्षांचा कलावंत. मायबाप लोकांचा वन्स मोअर त्यानं आयुष्यात कधी मोडला नव्हता. त्यानं एकदा गजाननच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर नुसता हार होता.

मग त्यानं विंगेकडे पाहिलं.

मुखरूभाऊनं पान मागं उलटलं.